गोधडी : घरच्या हातांची ऊब

थंडीचे दिवस जवळ आले की घरोघरी माळ्यावरची अंथरुणे-पांघरुणे खाली उतरतात व उन्हात पडतात. त्यांत अलीकडे रंगीबेरंगी ब्लँकेटेच अधिक दिसतात. गोधडी असलीच तर ती तळाशी असते, आणि पाहुणे आले की लपविली जाते. आमच्या वस्तीतील अनेक घरांत आम्ही हे पाहिले आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलांना गोधडी म्हणजे गरिबीची खूण वाटते. घरातल्या आजीला मात्र त्याच गोधडीवाचून झोप येत नाही. या दोघांत बरोबर कोण, याचा विचार आपण येथे करू. आणि नुसता विचार न करता सुई-दोराही हाती घेऊ.

गोधडीला पश्चिम महाराष्ट्रात वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठी केलेले लहानसे ते दुपटे. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, राजस्थानात राली या तिच्याच बहिणी. जुन्या सुती कपड्यांचे थर एकावर एक अंथरून ते टाक्यांनी एकजीव करायचे, एवढीच ही विद्या. पण ती कोणत्याही शाळेत शिकविली गेली नाही. आईने लेकीला, सासूने सुनेला दुपारच्या वेळी दारात बसून दिली. पाटी-पेन्सिल ज्यांच्या हाती कधी आली नाही, त्या आपल्या आज्यांनी कापडावर आखणी न करता सरळ ओळी घातल्या, कोपरे जुळविले, रंग निवडले.

लाज कशाची?

ठिगळाची लाज आपल्याला उगाच वाटत नाही. तिला इतिहास आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेताची वस्त्रे वापरावीत असा नियम आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या अंगावरची चिंधी ही केवळ दारिद्र्यामुळे आलेली नव्हती, ती लादलेली होती. म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत व अस्पृश्यतेच्या खुणा सांगणारे दागिने टाकून देण्याचा, स्वच्छ राहण्याचा उपदेश केला. कपडा हा माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते.

परंतु चिंधीचा दुसराही इतिहास आपल्याकडे आहे. भगवान बुद्धांच्या संघातील भिक्खू उकिरड्यावरच्या व स्मशानातल्या चिंध्या गोळा करीत, धुऊन, जोडून, रंगवून त्यांचे चीवर करीत. त्यास पांसुकूल म्हणतात. मगधातील बांध घातलेली शेते पाहून तथागतांनी आनंदांना विचारले, अशा रचनेचे चीवर शिवता येईल काय? आनंदांनी ते शिवून दाखविले. आजही भिक्खूंच्या चीवरात तुकड्यांचे ते वाफे दिसतात. चिंधी तीच, पण एक जबरदस्तीची, दुसरी स्वेच्छेची. एकीने माणूस खाली ढकलला गेला, दुसरीने तो आदरास पात्र झाला.

विनयपिटकातील आणखी एक प्रसंग तर प्रत्येक गृहिणीने ऐकावा असा आहे. कोसंबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली, एवढ्या वस्त्रांचे हे करणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरणे. त्यांची पुढे पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी. आणि फडकीही फाटली की ती कुटून चिखलात कालवून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले. आपली आजी याच हिशेबाने चालत आली आहे. लुगड्याची गोधडी, गोधडीचे बसकर, बसकराचे फडके.

अलाबामातील बहिणी

१९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातील साम्य दाखविले होते. ते साम्य गोधडीतही आहे. अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे गाव आहे. गुलाम म्हणून राबविलेल्या माणसांचे वंशज तेथे राहतात. तेथील स्त्रिया शेतात झिजलेल्या विजारी-सदऱ्यांच्या गोधड्या शिवीत. १९४२ मध्ये मिझुरी पेटवे या स्त्रीने आपल्या मृत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि तीच अंगावर घेता यावी म्हणून.

हे लोक मतदार-नोंदणीसाठी नदीपलीकडच्या कॅमडेनला जाऊ लागले, तेव्हा १९६२ साली तेथील फेरीबोटच बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. नाव नोंदविणाऱ्या अनेकांची कामे गेली, घरे गेली. तेव्हा १९६६ मध्ये त्या परिसरातील स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही गोधड्यांची सहकारी संस्था काढली. पुढे २००२ साली जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात चित्रांप्रमाणे भिंतीवर लागल्या, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. ज्या पांघरुणांत त्यांची मुले थंडीत निजली, त्यांच्यापुढे जग उभे राहिले. आपल्या घरच्या तळातल्या गोधडीकडे यानंतर आपण कोणत्या नजरेने पाहणार?

कशी शिवावी?

प्रथम सुती कपडे वेगळे काढा. जुनी लुगडी, ओढण्या, चादरी, सदरे सर्व चालतात. नायलॉन व टेरिकॉट टाळा. त्यात घाम जिरत नाही. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. हुक, बटणे, जाड शिवणी उसवून टाका. विरलेला भाग कापून आतल्या थरांत घ्या, धडका भाग वर-खाली ठेवा. नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटर भरते. त्यातून सहा फुटांचे चार थर निघतात. पण विरलेला भाग जातो म्हणून दोन लुगडी हाताशी असावीत.

थर जमिनीवर अंथरून हाताने सुरकुत्या काढा. चारही कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या असे वजन ठेवा. मग वीतभर अंतराने लांब कच्चे टाके घाला, म्हणजे थर सरकत नाहीत. कडा आत दुमडून शिवा. त्यानंतर जाड सुती दोरा दुहेरी ओवून धावदोरा घाला. कुणी सरळ ओळी घालतात, कुणी कडेकडेने चौकोन करीत आत येतात. गाठ नेहमी आतल्या थरात लपवावी. बोटात धातूची टोपी घालावी. शेवटी कच्चे टाके काढावेत. कामाला बसताना व उठताना सुया मोजाव्यात, कारण बाळाच्या दुपट्यात राहिलेली एक सुई फार महाग पडते.

नवशिक्यांनी एकदम गोधडीला हात घालू नये. दीड फूट चौरस बसकर आधी करावे. दोन-तीन संध्याकाळी ते पुरे होते, आणि मुलांना आपल्या हाताने वस्तू पुरी झाल्याचा आनंद कळतो.

जमाखर्च

आमचा जन्म खतावणीत गेल्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. सहा फूट लांब व चार फूट रुंद गोधडी घ्या. अर्ध्या इंचावर एक ओळ धरली तर ९६ ओळी होतात. प्रत्येक ओळ सहा फूट, म्हणजे एकूण ५७६ फूट. सुमारे १७५ मीटर शिवण! अर्ध्या इंचाला एक टाका धरला तर १३,८२४ टाके. एका ओळीला पंधरा मिनिटे लागली तरी २४ तास झाले, म्हणजे आठ तासांचे पूर्ण तीन दिवस. धुणे, उसवणे, अंथरणे हे वेगळेच.

हा हिशेब दोन गोष्टी सांगतो. पहिली, आपल्या आईने ‘रिकाम्या वेळात’ केलेले काम रिकामे नव्हते. तिच्या श्रमाची नोंद कुणाच्याच वहीत झाली नाही. दुसरी, आज शहरातील हस्तकला प्रदर्शनांत हीच गोधडी हजारांच्या भावाने विकली जाते. आपल्या भगिनींनी विक्रीसाठी गोधडी करायला हरकत नाही; परंतु दलाल देईल ते मुकाट्याने घेऊ नये. आधी तास मोजावेत, मग भाव सांगावा. दहा जणींनी बचत गट करून सांगितला तर तो अधिक ऐकला जातो.

घरासाठी शिवताना मात्र हे काम एकट्या बाईवर टाकू नका. ‘पुरुषाने सुई धरायची का?’ असे आम्हाला काही बंधू विचारतात. टेलर पुरुष असतो तेव्हा हा प्रश्न पडत नाही! जातिव्यवस्थेने श्रमांचीच नव्हे तर श्रमिकांची विभागणी केली, असे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. कोणते काम कुणाचे हे जन्मावरून ठरविणे आपल्याला मान्य नाही, तर घरात ते बाईच्या जन्मावरून का ठरावे? वडिलांनी थर अंथरावेत, मुलाने कच्चे टाके घालावेत, आजीची नजर कमी झाली असेल तर नातीने सुईत दोरा ओवून द्यावा. आजीने ओळ कशी धरायची ते दाखवावे. टी. व्ही. तासभर बंद राहिला तर काही बिघडत नाही.

असे बसले की बोलणे आपोआप निघते. हे लुगडे कोणाचे, हा सदरा कोणत्या गिरणीत घामाने भिजला, ही चादर कोणत्या साली घेतली. ज्या कुटुंबांजवळ जुने फोटो नाहीत, वंशावळीच्या पोथ्या नाहीत, त्यांचा इतिहास अशा कापडांत असतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गावोगावहून येणाऱ्या आपल्या माणसांच्या गाठोड्यांत आजही वाकळ असते. दिवसभर रांगेत उभे राहिल्यावर रात्री शिवाजी पार्कवर तिच्यावरच पाठ टेकते.

तेव्हा मुलांनो, ब्लँकेट जरूर घ्या, त्यास आमचा विरोध नाही. पण गोधडी लपवू नका. येत्या रविवारी माळ्यावरचे गाठोडे खाली काढा, दोन सुती लुगडी निवडा आणि आजीला मध्ये बसवा. तिच्या बोटांत ही विद्या आहे तोवर ती शिकून घ्या.