घरगुती ऊर्जाबचत
घरगुती ऊर्जाबचत : घरातील उजेड, वारा, थंडावा, गरम पाणी व स्वयंपाक या सोयी कमी न करता त्यांसाठी लागणारी वीज व इंधन कमी करण्याचे उपाय. सोयीला मुरड घालून वापर टाळणे ही काटकसर होय. तीच सोय कमी ऊर्जेत मिळविणे ही कार्यक्षमता होय. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे महाराष्ट्रातील नागरी घरांचा विचार केला आहे.

वीजबिलाची घडण : १,००० वॉट शक्तीचे उपकरण एक तास चालले म्हणजे १ युनिट (१ किलोवॉट-तास वा ३६ लाख जूल) वीज खर्च होते. उपकरणाची शक्ती व ते चालण्याचा काळ या दोहोंवर खर्च अवलंबून असल्याने रोज काही मिनिटे लागणाऱ्या मोठ्या उपकरणापेक्षा दिवसभर चालणारे लहान उपकरण अधिक वीज घेऊ शकते. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे वाचलेले युनिट प्रथम सर्वांत महाग टप्प्यातून वजा होते. स्थिर आकार मात्र वापर घटला तरी द्यावाच लागतो.

दिवे व पंखे : टंगस्टन तंतूच्या दिव्यात बहुतांश वीज उष्णतेत जाते. असा ६० वॉटचा दिवा रोज ५ तास लावल्यास ३० दिवसांत ९ युनिटे खर्च होतात. जवळजवळ तितकाच प्रकाश देणाऱ्या ९ वॉटच्या एलईडी दिव्यास १.३५ युनिटे पुरतात. जुना ७५ वॉटचा छतपंखा रोज १२ तास चालल्यास महिन्यास २७ युनिटे घेतो, तर ब्रशरहित चलित्राचा ३० वॉटचा पंखा १०.८ युनिटे घेतो. प्रतियुनिट ८ रुपये दर व नव्या पंख्याची किंमत १,५०० रुपये धरल्यास ती सु. १२ महिन्यांत भरून येते. पंखा रोज २ तासच चालत असेल, तर त्यास सु. ६ वर्षे लागतात. म्हणून सर्वाधिक चालणारे उपकरण प्रथम बदलणे श्रेयस्कर ठरते. पंखा हवा थंड करीत नाही, अंगावरील घाम वाळवितो. रिकाम्या खोलीत तो चालविणे व्यर्थ होय.

थंडावा : पश्चिमेच्या खिडकीवरील ऊन आतील पडद्यापेक्षा बाहेरील छज्जाने वा तट्ट्याने अधिक परिणामकारक रीतीने अडते. गच्चीला चुन्याचा पांढरा लेप दिल्यास वरच्या मजल्यावरील ताप कमी होतो. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा शीतक उत्तम चालतो, कारण त्यात पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा निवते. कोकणच्या दमट हवेत तो निष्प्रभ ठरतो. वातानुकूलकाचे तापमान १° से. ने वाढविल्यास सु. ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. २००१ च्या ऊर्जा संवर्धन अधिनियमान्वये २००२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने २००६ मध्ये उपकरणांसाठी तारांकनाची योजना सुरू केली. तारांची तुलना समान प्रकारच्या व आकारमानाच्या उपकरणांतच करावी. मोठ्या प्रशीतकाचे पाच तारे लहान प्रशीतकापेक्षा कमी विजेची हमी देत नाहीत.

पाणी व स्वयंपाक : १५ लिटर पाणी ३०° से. ने तापविण्यास सु. ०.५२ युनिट लागते. तापक तासन्‌तास चालू ठेवल्यास टाकीच्या भिंतींतून उष्णता निसटत राहते. दाबपात्रात पाणी सु. १२०° से. ला उकळत असल्याने डाळ लवकर शिजते. ती आधी भिजविल्यास इंधन आणखी वाचते. उकळी आल्यावर आच मंद करावी, कारण मोठ्या आचेने उकळत्या पाण्याचे तापमान वाढत नाही, वाफ मात्र वाढते.

मर्यादा : बचतीच्या उपकरणांना आरंभीच पैसे मोजावे लागतात व लाभ हप्त्याहप्त्याने मिळतो, त्यामुळे ज्या कुटुंबांना बिल सर्वाधिक जड जाते त्यांनाच ती घेणे कठीण पडते. भाड्याच्या घरात छत सुधारण्याचा खर्च मालकाचा, तर बिल भाडेकरूचे असल्याने सुधारणा बहुधा रेंगाळतात. अशा ठिकाणी भिजविलेली डाळ, मंद आच, बाहेरील तट्ट्या व वेळेवर बंद केलेला तापक हे जवळजवळ बिनखर्चाचे उपायच प्रथम अवलंबिण्याजोगे आहेत.