शेतकऱ्याने रिटायर व्हायचे केव्हा?



लागणीच्या नोंदी घेत आम्ही गटातून फिरत होतो. एका मळ्यात शहात्तर वर्षांचे एक जुने सभासद सरीत पाणी वळवीत उभे. नोंद झाली, चहा आला आणि आबांनी सरळच विचारले, "सायेब, तुमी रिटायर कवा होणार?" आम्ही म्हटले, "अठ्ठावन्नला आबा. अजून बारा वर्षं हैत." आबा हसले. "म्हंजे तुमची तारीख ठरलीया. आमची कोण ठरवणार?"

प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून मिळेल ती माहिती गोळा केली.

निवृत्तीचे वय ही गोष्टच मुळी फार जुनी नव्हे. जर्मनीत १८८९ साली बिस्मार्कच्या कारकिर्दीत कामगारांसाठी म्हातारपणाचा विमा आला. वयाची अट होती ७०. ती १९१६ साली ६५ वर आणली. विलायतेत १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला ५ शिलिंग मिळू लागले. त्या काळी सत्तरी पाहणारेच थोडे, तेव्हा तिजोरीला धक्का लागत नसे!

पुढे माणसे जास्त जगू लागली आणि हिशेब फिरला. जर्मनीत १९६४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आता ६७ पर्यंत थांबावे लागेल. विलायतेतही २०२८ पर्यंत ६७ होईल. चीनने १ जानेवारी २०२५ पासून पुरुषांचे वय ६० वरून हळूहळू ६३ करायला घेतले आहे. डेन्मार्कने २०२५ साली कायदा केला, की २०४० पासून वय ७०. म्हणजे बिस्मार्कने जिथून सुरुवात केली तिथेच गाडी परत आली. फ्रान्सची तऱ्हा वेगळी. तिथे १९८२ साली ६५ चे ६० केले, २०१० साली ६२ ठरवले आणि २०२३ साली ६४ म्हणताच लाखो लोक रस्त्यावर आले. शेवटी २०२५ च्या अखेरीस संसदेने ती वाढ जानेवारी २०२८ पर्यंत थांबवली. आपल्याकडे केंद्र सरकारी नोकरांचे वय १९९८ साली ५८ चे ६० झाले, तेव्हा मोर्चा निघालेला काही आमच्या आठवणीत नाही.

पण हे सारे मस्टरवर सही करणाऱ्यांचे. उन्हातान्हात राबणाऱ्याचे काय? उसाच्या धंद्यात आपला मोठा स्पर्धक जो ब्राझील, त्याने याचा विचार केलेला दिसतो. तिथे २०१९ साली शहरी माणसाचे वय पुरुषाला ६५ आणि बाईला ६२ असे ठरले, पण शेतीवर राबणाऱ्यांचे ६० आणि ५५ तसेच ठेवले. पंधरा वर्षे शेतीत काम केल्याचा पुरावा मात्र लागतो. घरची लहान शेती कसणाराही त्यात बसतो.

आम्हाला सर्वांत विचार करायला लावले ते जर्मन शेतकऱ्याने. तिकडे जुनी चाल अशी, की बाप थकला की शेत पोराच्या नावे करायचे आणि त्याच वेळी कागद करायचा. म्हातारा-म्हातारीला राहायला कोणती खोली, दूध किती, धान्य किती, जळण किती, सगळे त्यात लिहायचे. मात्र हातात रोकड नसे. म्हणून १९५७ साली सरकारने शेतकऱ्यांना वृद्धापकाळाची मदत सुरू केली. वय ६५, पण अट अशी, की आधी शेत दुसऱ्याच्या हाती द्यायचे. त्यामुळे जमीन तरुणांकडे लवकर गेली. पुढे मात्र काही घरांत नवरा शेत सोडीना आणि बायकोचे पेन्शन अडले. २०१८ साली तिथल्या घटना न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवली.

आपल्याकडे श्रावणबाळ योजनेत ६५ नंतर महिना १,५०० रुपये आहेत, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवे. बागायतदार त्यात बसणे कठीण. २०१९ ची किसान मानधन योजना साठीनंतर ३,००० रुपये देते. तिला क्षेत्र दोन हेक्टरच्या आत, आत येताना वय १८ ते ४० आणि जमीन स्वतःच्या नावावर हवी. इथेच घोडे अडते. आबांचा मुलगा अठ्ठेचाळीसचा. ऊस तोच पिकवतो. सातबारा, शेअर, सोसायटीचे खाते सारे आबांचे. ठिबकचे प्रकरण दोन वर्षे सहीवाचून पडून आहे.

आम्ही परत गेलो आणि हे सगळे सांगितले. आबा म्हणाले, "सातबारा दिला की म्हातारा ओट्यावर."

भीती खोटी नाही. आम्ही अशी घरे पाहिली आहेत. पण सगळे द्या असे कोण म्हणतो? जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे वाटणी करताना आपला हिस्सा आपल्या नावे ठेवता येतो. बक्षीसपत्र केले तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ आहे. सांभाळ करण्याची अट कागदात लिहिलेली असेल आणि पोराने ती मोडली, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. अट लिहिलेली मात्र हवी. तोंडी बोलणे तिथे टिकणे अवघड.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. पोरगा खाली बघत होता. मग म्हणाले, "त्या जर्मनीवाल्याच्या कागदात दूध रोजचं किती लिवत्यात?"