पाचट जाळू नका, जमिनीचा कर्ब राखा



ऊसतोड झाली की रानात पाचट उरते. मग एक काडी लावायची, अर्ध्या तासात रान मोकळे! "खोडवा बरा फुटतो, उंदीर जातात, पाणी द्यायला अडचण नाही," असे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो आहोत. त्या अर्ध्या तासात आपले किती जाते, याचा हिशेब आज मांडू.

काय जळते?

एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघते. साडेतीन टन धरले तर त्यात सुमारे १,४०० किलो कर्ब आणि १५ किलो नत्र असते. काडी लागली की यातले बहुतेक सारे धूर होऊन उडते. पालाश तेवढा राखेत राहतो.

आता जमिनीकडे पाहू. एकरातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे ९ लाख किलो भरते. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का निघाला, तर त्या थरात ४,५०० किलो कर्ब आहे असे समजावे. २०१५ साली पॅरिसच्या हवामान परिषदेच्या वेळी फ्रान्सने 'हजारी चार' ही मोहीम पुढे मांडली. जमिनीतला कर्ब दरवर्षी हजारामागे चाराने वाढवावा, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड आटोक्यात ठेवायला मदत होईल, असे तिचे म्हणणे. आपल्या एकराला ही वाढ होते फक्त १८ किलो!

अर्थात, पुरलेल्या पाचटाचा बराच भाग जिवाणू खातात. नांगरटीने आणि उन्हानेही कर्ब घटतो. म्हणून एका वर्षात चमत्कार होत नाही. पण १,४०० किलो जाळून टाकायचे आणि जमीन कसदार होत नाही म्हणायचे, हे काही बरे नव्हे.

आपल्या भागाची रीत

गोंड राजांच्या काळात कोहळी मंडळींनी या मुलखात तलाव बांधले. नवेगाव बांध त्यांतलाच. तलावाच्या पाण्यावर खाली धानाच्या बांध्या आणि सोबत ऊस, अशी त्यांची शेती. जंगलातून वाहून आलेला पालापाचोळा तलावात गाळ होई. तलावाचा गाळ शेतात टाकावा, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. पाचट राखणे त्याच जातीचे काम आहे.

काय करावे?

खोडवा राखायचा असेल तर पाचट सरीत दाबावे, बुडखे मोकळे करून जमिनीलगत छाटावेत. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. युरिया टाळू नये. कुजताना जिवाणू नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. आच्छादनामुळे ओल टिकते, तणही कमी येते.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. ऊस मोडून त्याच बांधीत धान लावायचे असेल, तर कच्चे पाचट चिखलात गाडू नये. साचलेल्या पाण्यात ते कुजले की मिथेन निघतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट उष्णता धरतो. असे पाचट धुऱ्याजवळ खड्ड्यात कुजवून मगच बांधीत टाकावे. दुसरे, वाळलेले पाचट ठिणगीची वाट पाहत असते. शेजाऱ्याने धुरा पेटविला तर आपलेही रान जाईल. तेव्हा हे काम शिवारातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावे.

कर्ब साठविल्याबद्दल पैसे मिळण्याच्या गोष्टी हल्ली कानावर येतात. ते मिळोत न मिळोत, कसदार जमीन तर आपलीच राहणार!

आमची विनंती एवढीच: यंदा निदान अर्ध्या एकरात काडी लावू नका. आज माती तपासून घ्या, तीन वर्षांनी त्याच जागेची पुन्हा तपासा, आणि दोन्ही पत्रिका शेजारी ठेवून पाहा.