किलोमागे शंभर ग्रॅम

मंडईजवळच्या त्या बोळात गिरणी कुठे, हे विचारावं लागत नाही. शिंका सुरू झाल्या की समजायचं, आलो. दळून आणलेली शिकेकाई कमी भरली म्हणून मी जाब विचारायला गेले होते. मालकांचं उत्तर तयार होतं, ‘किलोमागे शंभर ग्रॅम जाणारच.’

यंत्र साधंच. वरून खडखडीत वाळलेल्या शेंगा टाकायच्या, खाली बांधलेल्या कापडी पिशवीत पूड उतरते. धान्याची चक्की वेगळी, नाहीतर पुढच्याच्या भाकरीला फेस यायचा. शेंगा टाकायला एक मावशी. नाकातोंडावर ओला पंचा, भुवया मातकट. शेंगेच्या सालीत सॅपोनिन असतं. केसांचा मळ काढणारा फेस त्याचाच, आणि नाकाच्या ओल्या अस्तराला झोंबतं तेही तेच. ‘रसायनमुक्त’ म्हणून विकतात ती हीच पूड.

रिठा पडला की ठसका वाढतो. मग गवला कचरा, नागरमोथा, जटामांसी पडतात आणि सगळा बोळ अभ्यंगस्नानासारखा घमघमतो. मावशींना मात्र त्यातलं काही कळत नाही. ‘नाकच मेलंय, ताई.’

घाम पुसायला त्यांनी ओला हात मानेवरून फिरवला, तर गळ्याच्या वळीत बारीक पांढरा फेस आला. मी बघतच राहिले. ‘मला नहायला वेगळं काही लागत नाही,’ म्हणून त्या हसल्या आणि हसता हसता खोकल्या. उन्हाळ्यात मिरचीही त्याच दळतात. मिरची परवडली म्हणे. डोळ्यांतून पाणी गेलं की सुटका. ही छातीत बसते.

माझे शंभर ग्रॅम कुठे गेले, ते मला दिसत होतं. थोडे भिंतीवर, थोडे पत्र्यावर, बाकीचे त्या पंच्याआड.

धूळ ओढून घेणाऱ्या पंख्याचा विषय काढला, तर मालकांनी वर बोट दाखवलं, ‘आहे की पंखा.’ छताचा होता. तीच धूळ सगळ्यांना सारखी वाटत होता. मी म्हटलं, बंद पेटी आणि ओढणारा पंखा बसवा, दळायचे दोन रुपये जास्त घ्या, आम्ही देऊ.

मागे डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी लगेच विचारलं, ‘आम्ही म्हणजे कोण?’