विद्यापीठात दाद मागताना

निकाल लागला की कॉलेजच्या कट्ट्यावर सल्ल्यांना तोटा नसतो. ‘जाऊ दे, पुढच्या वेळी बघू.’ ‘उगाच नडू नकोस, तोंडी परीक्षेला बघून घेतील.’ ‘विद्यापीठात कोण ऐकतंय?’ या सल्ल्यांपायी कितीतरी रास्त तक्रारी कागदावर उतरतच नाहीत. वास्तविक विद्यापीठ अनुदान आयोगाने 11 एप्रिल 2023 रोजी विद्यार्थी तक्रार निवारणाचे नवे विनियम लागू केले आणि दाद कुठे मागायची, किती दिवसांत मिळायला हवी, हे ठरवून दिले.

गैरसमज: तक्रार फक्त गुणांची करता येते.

वस्तुस्थिती: विनियमांतली यादी लांबलचक आहे. गुणवत्ता डावलून दिलेला प्रवेश, माहितीपत्रकातली खोटी आश्वासने, ठरल्यापेक्षा जास्त शुल्क, रखडलेली शिष्यवृत्ती, लांबलेली परीक्षा, अपारदर्शक मूल्यमापन, जातीवरून भेदभाव, हे सारे तिच्यात आहे. प्रवेश रद्द केल्यावर मूळ कागदपत्रे अडवून ‘आधी उरलेली फी भरा’ म्हणणे हीसुद्धा तक्रारीची बाब आहे. मूळ प्रमाणपत्रे पडताळून लगेच परत द्यावीत, ती ठेवून घेऊ नयेत, असे आयोगाने 2018 मध्येच बजावले होते.

रॅगिंग आणि लैंगिक छळाची वाट मात्र वेगळी. पहिल्यासाठी रॅगिंगविरोधी समिती आणि 1800-180-5522 ही हेल्पलाइन, दुसऱ्यासाठी अंतर्गत तक्रार समिती.

गैरसमज: प्राचार्यांच्या कानावर घातले, म्हणजे तक्रार झाली.

वस्तुस्थिती: तोंडी सांगितलेल्या गोष्टीची तारीख राहत नाही, आणि इथे सगळी भिस्त तारखेवर असते. संस्थेने तक्रारींसाठी ऑनलाइन पोर्टल ठेवायचे असते. कागदी अर्ज दिला, तर आवक विभागातून दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नये. ही पोच हातात असली की ‘अर्ज मिळालाच नाही’ असे कुणाला म्हणता येत नाही.

अर्ज विद्यार्थी तक्रार निवारण समितीपुढे जातो. समितीचे अध्यक्ष प्राध्यापक असतात. समितीत किमान एक महिला आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील किमान एक व्यक्ती असावीच लागते. एक विद्यार्थी प्रतिनिधीही विशेष निमंत्रित असतो. तक्रार आल्यापासून शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत समितीने अहवाल द्यायचा आणि त्याची प्रत तक्रारदारालाही पाठवायची, असा नियम आहे.

गैरसमज: तपासलेली उत्तरपत्रिका पाहायला मिळत नाही.

वस्तुस्थिती: एके काळी हे खरे होते. महाराष्ट्राच्याच परीक्षा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये उत्तरपत्रिका दाखवण्यास मनाई करणारा नियम वैध ठरवला होता. पुढे माहिती अधिकार कायदा आला. त्याच्या आधारे 9 ऑगस्ट 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदित्य बंदोपाध्याय खटल्यात परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा हक्क मान्य केला. उत्तरपत्रिका जपून ठेवण्याची मुदत संपण्याआधी अर्ज करावा लागतो, त्यामुळे चालढकल महागात पडते.

प्रत हाती आली की तक्रारीला धार येते. ‘माझा पेपर नीट तपासला नाही’ या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. ‘प्रश्न 3 (ब) चे उत्तर पुरवणीच्या दुसऱ्या पानावर आहे, त्याला गुण दिलेले नाहीत’ असे लिहिले, तर ते पान उघडून उत्तर द्यावेच लागते.

गैरसमज: लोकपालांकडे गेले की गुण वाढतात.

वस्तुस्थिती: समितीचा निर्णय पटला नाही, तर तो मिळाल्यापासून 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. निवृत्त कुलगुरू, अनुभवी निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश या पदावर नेमले जातात. अपील 30 दिवसांत निकाली काढण्याचा त्यांनी प्रयत्न करायचा असतो. मात्र नुसते पुनर्मूल्यांकन किंवा फेरगुणांकन मागणारा अर्ज ते घेत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभावाचे विशिष्ट उदाहरण दाखवावे लागते. समितीला वगळून थेट त्यांच्याकडे जाताही येत नाही.

नियम असूनही सगळीकडे लोकपाल वेळेवर नेमले गेले नाहीत, हेही खरे. जून 2024 मध्ये आयोगाने अशा 157 विद्यापीठांची नावे जाहीर केली. त्यांतली 108 राज्य विद्यापीठे होती.

गैरसमज: निकाल लांबला, तर वाट पाहण्यावाचून इलाज नाही.

वस्तुस्थिती: महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 नुसार परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत, आणि फार तर 45 दिवसांत, निकाल लागायला हवा. त्यापुढे उशीर झाला, तर कारणांचा अहवाल कुलपती आणि राज्य सरकारला द्यावा लागतो. मुंबई विद्यापीठात 2017 मध्ये घाईने आणलेल्या ऑनलाइन मूल्यांकनामुळे निकाल रखडले. कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदतही हुकली. अखेर 24 ऑक्टोबर 2017 रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

गैरसमज: तक्रार केली की डूख धरतात, आणि त्यावर उपाय नाही.

वस्तुस्थिती: ही भीती निराधार नाही, आणि ती हसण्यावारी नेणाऱ्या संस्था विद्यार्थ्यांवर अन्याय करतात. पण विद्यार्थ्याला त्रास देणे ही विनियमांच्या यादीतली स्वतंत्र तक्रार आहे. सुनावणीला प्रतिनिधी पाठवण्याचीही मुभा आहे. अशा वेळी आधीच्या अर्जाची पोच जपलेली असेल, तर त्रास कधीपासून सुरू झाला हे दाखवता येते.

समिती आणि लोकपाल यांची माहिती संकेतस्थळावर आणि माहितीपत्रकात ठळकपणे देणे संस्थेवर बंधनकारक आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने ती आजच शोधून ठेवावी. सापडली नाही, तर पहिला लेखी अर्ज तीच मागण्यासाठी करावा.