पडद्यावरची मुलाखत : देणाऱ्यांसाठी आणि घेणाऱ्यांसाठी

एके काळी अमरावती-अकोल्याच्या उमेदवाराला मुंबईहून मुलाखतीचे बोलावणे आले, की बडनेरा किंवा अकोला स्थानकावरून विदर्भ एक्स्प्रेसचा रात्रभराचा प्रवास, जाण्यायेण्याचे भाडे आणि एखाद्या नातलगाकडे मुक्काम एवढी तजवीज करावी लागे. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर हे चित्र पालटले. आज खाजगी नोकरीची पहिली फेरी बहुधा झूम, गुगल मीट किंवा टीम्सवर होते. गरीब कुटुंबाचा खर्च वाचला, ही समाधानाची बाब आहे. मात्र पूर्वी उमेदवार कार्यालयात जात असे. आता कार्यालयच उमेदवाराच्या घरात डोकावते. घराची भिंत, गल्लीतला भोंगा, वीज आणि नेटवर्क हे सारे मुलाखतीत सामील होतात.

हा प्रश्न आपल्या समाजासाठी अधिक जिव्हाळ्याचा का आहे, हे समजून घेतले पाहिजे. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' व अराजपत्रित गट 'ब' पदांच्या मुलाखती बंद केल्या. वशिलेबाजीला आळा घालणे हा त्यामागील हेतू होता. खाजगी क्षेत्रात मात्र आरक्षण नाही, आणि मुलाखत हेच तेथील मुख्य प्रवेशद्वार आहे. अमरावती जिल्ह्यातील महिमापूरचे सुपुत्र व विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच पात्रतेचे, केवळ नावांनी वेगळे असलेले अर्ज खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना पाठविण्यात आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला अनुकूल उत्तर येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश आढळली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका व कॅथरिन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले, की गुणवत्तेची भाषा बोलणारे हे अधिकारीही उमेदवाराच्या 'कौटुंबिक पार्श्वभूमी'ला महत्त्व देतात. तेव्हा तयारी केवळ कॅमेऱ्याची करून भागणार नाही.

उमेदवाराची तयारी

प्रथम साधनांविषयी. मोबाईल हातात न धरता पुस्तकांच्या थप्पीला टेकवून, आडवा आणि डोळ्यांच्या पातळीवर ठेवावा. खिडकी पाठीमागे असली तर चेहरा काळवंडतो. उजेड समोरून यावा. वायरचे इअरफोन वापरावेत. अॅपमध्ये आपले खरे नाव दिसते की भावाच्या फोनचे, हे आदल्या दिवशीच पाहावे. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. फोन पूर्ण चार्ज ठेवावा आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट हाताशी असावा. गावात नेटवर्क क्षीण असेल तर तालुक्याच्या गावी मित्राच्या खोलीवर किंवा अभ्यासिकेच्या स्वतंत्र खोलीत बसावे. संपर्क तुटलाच तर गोंधळून न जाता पुन्हा जोडून घ्यावे आणि लगेच फोन वा ईमेलने कळवावे.

आता उत्तरांविषयी. दीड मिनिटांचा परिचय, केलेल्या कामाची तीन उदाहरणे आणि आपल्याला विचारावयाचे दोन प्रश्न तयार असावेत. उदाहरण सांगताना परिस्थिती काय होती, आपण नेमके काय केले आणि निष्पन्न काय झाले, हा क्रम पाळावा. वसतिगृहात भोजनगृहाचा हिशेब सांभाळणे किंवा १४ एप्रिलच्या कार्यक्रमाचे नियोजन करणे, हा देखील अनुभवच आहे. आपली मुले तो सांगतच नाहीत. बोलताना पडद्यावरील स्वतःच्या छबीकडे न पाहता कॅमेऱ्याच्या भिंगाकडे पाहावे. समोरून वाचलेले उत्तर चटकन ओळखू येते. काही ठिकाणी समोर माणूसच नसतो; प्रश्न पडद्यावर उमटतो आणि ठरावीक वेळात उत्तर ध्वनिचित्रमुद्रित होते. त्याचा सराव स्वतःचे चित्रीकरण करून होतो.

भाषेचा न्यूनगंड बाळगू नये. 'डोळा'ला 'डोया' म्हणणारी वऱ्हाडी ही आपली मायबोली आहे, दोष नव्हे. इंग्रजीत छोटी, पूर्ण वाक्ये सावकाश बोलावीत. प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा विचारण्याची विनंती करावी.

भिंतीवरील तसबीर

बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर मागे दिसू द्यावी काय, असे विद्यार्थी आम्हांस विचारतात. साधी, रिकामी भिंत चांगली, हा सल्ला सर्वांनाच लागू आहे, कारण लक्ष चेहऱ्यावर राहते. परंतु जागा नाही म्हणून त्याच भिंतीसमोर बसावे लागले, तर तसबीर उतरविण्याचे कारण नाही. सोयीसाठी जागा बदलणे निराळे आणि लाजेने लपविणे निराळे. दुसऱ्या गोष्टीने उमेदवाराचा स्वरच खचतो. आडनाव, मूळ गाव वा वडिलांचा व्यवसाय विचारला गेल्यास थोडक्यात, ताठ मानेने सांगावे आणि बोलणे कामाकडे वळवावे. 'माझे वडील शेतमजूर आहेत; माझा प्रकल्प या पदाशी निगडित आहे, त्याविषयी सांगतो', एवढे पुरे.

पालकांसाठी एक इशारा : नोंदणी, प्रशिक्षण वा लॅपटॉपच्या अनामत रकमेच्या नावाखाली पैसे मागणारी 'मुलाखत' फसवणुकीची समजावी. ओटीपी कोणालाही सांगू नये.

मुलाखत घेणाऱ्यांची जबाबदारी

आपले अनेक माजी विद्यार्थी आज निवड समित्यांवर बसतात. त्यांनी सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारावेत. गुणांचे निकष आधी ठरवावेत आणि प्रत्येक सदस्याने आपले गुण चर्चेपूर्वी स्वतंत्रपणे नोंदवावेत. ठरावीक आराखड्याची मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा कामाचा अंदाज अधिक अचूक देते, हे संशोधनाने दाखविले आहे. घराणे, आडनाव, लग्नाचा विचार हे प्रश्न वर्ज्य मानावेत. आवाज तुटल्याबद्दल गुण कापू नयेत. चित्र जमत नसेल तर साध्या फोनवर मुलाखत पूर्ण करावी. हे आपल्या माणसांवर मेहेरबानी म्हणून करावयाचे नाही. ज्याला कोणी ओळखत नाही, अशा प्रत्येक उमेदवाराचा तो हक्क आहे.

शेवटी आमची एक विनंती. प्रत्येक माजी विद्यार्थ्याने वर्षातून एक रविवार, दोन तास, शाळेतून बाहेर पडलेल्या एका मुलाची वा मुलीची सरावाची मुलाखत पडद्यावर घ्यावी आणि चुका स्पष्टपणे सांगाव्यात. पुणे, मुंबई वा परदेशातूनही हे करता येईल. प्रवासाचे अंतर तंत्रज्ञानाने मिटविले आहे. अनुभवाचे अंतर मिटविणे मात्र आपल्या हाती आहे.