मूर्ति आणि तिच्या भोंवतालची पोकळी

फ्रेंच शिल्पकार ऑग्यूस्त रोदँ भारतांत कधींच आला नाहीं. तरीही मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, संग्रहालयांतील तिरुवालंगाडूच्या नटराजावर त्यानें एक रसाळ लेख लिहिला. तो त्याच्या निधनानंतर, १९२१ सालीं, प्रसिद्ध झाला. लिहितांना त्याच्यापुढें मूर्ति नव्हती. होतीं तीं केवळ छायाचित्रें. परंतु तीं निरनिराळ्या बाजूंनीं घेतलेलीं होतीं, म्हणूनच समोरचा डौल आणि बाजूनें दिसणारा बांधा या दोहोंविषयीं त्याला लिहितां आलें.

माणूस दोन डोळ्यांनीं पाहतो आणि मूर्तीभोंवतीं फिरतो. कॅमेरा एका डोळ्यानें, एकाच जागेवरून पाहतो. त्यामुळें एकट्या चित्रांत खोली हरवते व बाह्यरेषा तेवढी उरते. नटराजाचा पुढचा डावा हात छातीवरून आडवा जाऊन उचललेल्या पायाकडे झुकतो. समोरच्या चित्रांत तो छातीला चिकटल्यासारखा वाटतो. कॅमेरा बाजूला नेला कीं हात व छाती यांमधील मोकळी जागा उघडते, आणि हात किती पुढें आला आहे तें कळतें.

ही मोकळी जागा मूर्तीबाहेरची नव्हे. ती मूर्तीचाच एक अवयव होय. वांकलेला पाय व उचललेला पाय यांमधील कोन, कोंपर व कंबर यांमधील फट, यांतूनच नृत्याची गति भासते. पाषाणांत असे पसरलेले हात तुटण्याची भीति असते. ओतीव धातु तो भार सहज पेलतो, म्हणून कारागिराला एवढी पोकळी राखतां आली. उलट घारापुरीचा त्रिमुख सदाशिव डोंगराच्या खडकांतच कोरलेला आहे. त्याच्या मागें जातां येत नाहीं. तेथें पाहणाऱ्याची जागा शिल्पकारानेंच ठरवून दिली आहे.

सुट्या मूर्तीचीं चित्रें घेतांना कॅमेरा तिच्या मध्याच्या उंचीवर ठेवावा. फार जवळ गेल्यास पुढचे अवयव अवास्तव मोठे दिसतात, म्हणून अंतर राखावें. मागें एकरंगी साधा पडदा असावा. त्यावर पोकळ्यांचे आकार ठसठशीत उमटतात. प्रकाश एका अंगानें तिरपा पडूं द्यावा. थेट समोरून आलेला प्रकाश उठाव पुसून टाकतो. मग अंतर व उंची न बदलतां, जणूं प्रदक्षिणा घालीत, दर ४५ अंशांवर एक अशीं ८ चित्रें घ्यावीं. पाठ वगळूं नये. चित्रें क्रमानें मांडलीं कीं एक फट मिटत जाते, दुसरी उघडत जाते, आणि घडण मनांत साकार होते.

या काळजीचें मोल केवळ रसिकांपुरतें नाहीं. तामिळनाडूंतील श्रीपुरंदान येथील देवळांतून चोरीस गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयांत पोहोंचला होता. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहांतील जुन्या छायाचित्रांशीं ताडून त्याची ओळख पटली, व २०१४ सालीं तो भारतांत परत आला. ज्या मूर्तीचें चित्रच कोणी घेतलें नाहीं, ती हरवल्यास आपली म्हणून सांगावी तरी कशी?